थ्री नॉट थ्री विकायची आहे? आधी तिला हात लावू नका

माझ्या मित्राचे अमेरिकन सासरे गेल्या वर्षी गेले. डॅलसजवळचं त्यांचं घर आवरताना कपाटाच्या मागे, जुन्या घोंगडीत गुंडाळलेली एक रायफल निघाली. मित्राने फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "ही कुठे विकू आणि किती मागू?" फोटो मोठा करून बघितला. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या, मुठीखाली, दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी कड्यावर पुसट मुकुट, त्याखाली जीआरआय, मग इशापूर, मग १९४२. म्हणजे कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली ली-एन्फिल्ड. आपल्याकडे एनसीसीच्या कॅम्पमध्ये, पोलिसांच्या खांद्यावर, होमगार्डच्या परेडला जिला लहानथोर सगळे 'थ्री नॉट थ्री' म्हणतात, तीच.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाकडे अशी रायफल वारशाने, लग्नाने किंवा हौसेने येते आणि मग काय करायचं ते सुचत नाही. मी स्वतःच्या संग्रहातल्या काही विकल्या आहेत. एक चांगली विकली, एक वाईट विकली. वाईट विकलेलीने जास्त शिकवलं. हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात .३०३ हे लष्करी बोअर असल्याने सामान्य परवानाधारकाला ते निषिद्धच आहे. म्हणून तर त्याच इशापूरच्या कारखान्याला नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी स्पोर्टिंग रायफल काढावी लागली. तेव्हा 'इशापूरची आहे, गावी नेऊन वाड्यात लावू' हा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडा.

आधी रिकामी आहे का बघा, मग हात मागे घ्या

नळी भिंतीकडे नको, जमिनीकडे ठेवा, बोट चापापासून लांब. चापाच्या पुढे, मॅगझिनच्या मागे खटका आहे तो दाबून मॅगझिन काढा. बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. ऐंशी वर्षांच्या बंदुकीत ऐंशी वर्षांची गोळी निघाल्याची उदाहरणं आहेत. जमत नसेल तर जवळच्या बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन करा. बंदूक उचलून थेट दुकानात शिरायच्या आधी फोन करा, हेही ओघाने आलं.

रिकामी आहे हे कळलं की थांबा. हा सगळ्यात अवघड भाग. आपला स्वभाव असा की विकायची वस्तू आधी घासूनपुसून लख्ख करायची. जुनी सायकल विकताना ते चालतं. इथे त्याच घासण्याने पैसे जातात.

माझी पहिली रायफल लिथगोची होती, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधली. दस्ता काळाकुट्ट, हाताच्या तेलाने आणि धुळीने माखलेला. मी एका रविवारी गॅरेजमध्ये बसून बारीक सॅण्डपेपरने तो घासला, वर पॉलिश मारलं. लाकूड असं उजळलं की शेजारी म्हणाला, फर्निचर करतोस का? महिनाभराने एका म्हाताऱ्या संग्राहकाला दाखवली. त्यांनी दस्ता उजेडात तिरका धरला, अंगठ्याने एक जागा चोळली आणि विचारलं, "इथे शिक्का होता ना?" होता. लाकडात उमटवलेला स्वीकृतीचा शिक्का मी भुश्यात उडवला होता. त्यांनी मला जो आकडा सांगितला तो घासण्याआधीच्या अंदाजापेक्षा दोनशे डॉलरने कमी होता. वादाला जागाच नव्हती.

तर लाकूड घासायचं नाही, पॉलिश नाही, धातूला नवा काळा रंग नाही, गंज काढायला तारेचा ब्रश नाही. मऊ फडक्यावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब घेऊन धातू पुसा, नळीतून एखादं तेलाचं फडकं ओढा, बस्स. लाकूड अगदीच कोरडं पडलं असेल तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात चालतो, तोही शंका असेल तर नको. कॉस्मोलिनच्या चिकट ग्रीसने माखलेली असेल तर तशीच ठेवा. ते ग्रीस काढण्यात काही संग्राहकांना जो आनंद मिळतो तो आपल्याला कळणार नाही, पण ते त्याचे पैसे देतात.

शिक्के वाचणं

या रायफलीवर तिचा सगळा इतिहास ठोकलेला असतो. कागद-पेन घ्या, एक टॉर्च, एक भिंग, आणि दिसेल ते उतरवत जा. काय अर्थ ते नंतर.

सुरुवात दस्त्याच्या मानेपासून. एसएमएलई म्हणजे आखूड ली-एन्फिल्डच्या उजव्या बाजूला मुकुट, कारखाना, वर्ष आणि प्रकार असतो. मार्क तीन हा प्रकार १९०७ चा. पहिल्या महायुद्धात घाईने माल काढायचा म्हणून मॅगझिनचा कटऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून ठेवणारी पट्टी) आणि बाजूची लांब पल्ल्याची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, गाळली, तो मार्क तीन तारांकित. त्यामुळे कटऑफ आणि ती साइट शाबूत असलेली मार्क तीन जास्त भाव खाते. इशापूरच्या बंदुकीवर मुकुटाखाली जीआरआय म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. स्वातंत्र्यानंतरच्या मालावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात आणि आरएफआय अशी अक्षरं. एकाच कारखान्यातल्या, एकाच यंत्रावरच्या दोन बंदुकांच्या मानेवर सत्तांतर दिसतं. मला स्वतःला सिंहवाली जास्त आवडते. बाजाराला माझ्या आवडीशी देणंघेणं नाही हे पुढे भावाच्या भागात येईलच.

मग नंबर. एसएमएलईमध्ये नंबर रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या) पुढच्या कड्यावर, नळीच्या मुळाशी, बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, मागच्या साइटच्या पट्टीखाली, टोकाच्या टोपणावर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाला मिळतो. सगळे जुळले तर ती 'ऑल मॅचिंग', आणि तिचा भाव वेगळाच. एकटा बोल्ट जुळला नाही तरी किंमत पडते, कारण बोल्ट बदलला की हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बैठक यातलं अंतर, बिघडलेलं असू शकतं. ते मोजायचं काम दुरुस्तीवाल्याचं.

इथे एक खोच आहे. भारतात मोठ्या दुरुस्तीनंतर भागांवर नवे नंबर घालण्याची पद्धत होती, त्यामुळे सगळे नंबर जुळतात पण अक्षरांचं वळण वेगळं दिसतं. ही लबाडी नाही, सैन्याचंच काम आहे. पण परवा कुणीतरी गॅरेजमध्ये पंच घेऊन ठोकलेला नंबर ही शुद्ध लबाडी. दोन्हींतला फरक जुनेपणात दिसतो: जुन्या ठशाच्या खोबणीत रंग, तेल आणि मळ बसलेला असतो, नव्याची कड चकाकते. वर्णनात 'नंबर जुळतात' एवढंच लिहू नका. 'बोल्टवरचा नंबर वेगळ्या वळणाचा, बहुधा दुरुस्तीत घातलेला' असं लिहा. गिऱ्हाईक भिंग घेऊनच बसलेलं असतं.

पुढच्या लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसला तर घाबरू नका. ती इशापूरची मजबुतीची रीत आहे, संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' असंच म्हणतात. पुढच्या भागावर तांब्याच्या तारेचे वेढे असतील तर ते नळीच्या टोकावरून ग्रेनेड फेकण्यासाठी घातलेले. सोडू नका! एका गृहस्थाने 'कुणीतरी जुगाड केलाय' म्हणून ती तार कापून काढल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

डीपी अशी अक्षरं असतील तर ती कवायतीची बंदूक, गोळी झाडण्यासाठी नव्हे. ती तशीच विका, पण हे मथळ्यातच लिहा. कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली असेल तर एफटीआर आणि वर्ष. बाणाचं चिन्ह म्हणजे सरकारी मालमत्ता, बाणाखाली आय असेल तर भारत सरकारची. दोन बाणांची टोकं एकमेकांना भिडलेली असली की सरकारने रीतसर विकून टाकलेली. इंग्लंडमार्गे व्यापाऱ्यांनी आणलेल्या मालावर इंग्लंड असा शब्द आणि तिथल्या तपासणीचे छोटे शिक्के.

आणि आयातीची खूण. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने लष्करी जुन्या मालाची आयात थांबली, १९८४ नंतर संग्राह्य शस्त्रांना पुन्हा वाट मिळाली. या दुसऱ्या लाटेतल्या बंदुकांच्या नळीवर किंवा रिसीव्हरवर आयातदाराचं नाव आणि गाव कोरलेलं असतं, जसं सेंच्युरी या आयातदाराचं व्हरमाँटमधलं. खूण नसेल तर ती बहुधा १९६८ च्या आधी आलेली, आणि संग्राहक त्यासाठी जास्त मोजतो. खूण बारीक आणि नळीच्या खाली असेल तर फार फरक पडत नाही. रिसीव्हरच्या बाजूवर ठसठशीत असेल तर पडतो.

तुमची नेमकी कुठली?

इशापूरच्या दोन बंदुकांचा गोंधळ फार होतो. एक .३०३ ची जुनी. दुसरी २ए आणि २ए१: दिसायला तीच, पण ७.६२ नाटो काडतुसासाठी साठच्या दशकात नव्याने बनवलेली, मॅगझिन बारा गोळ्यांचं आणि जास्त चौकोनी. 'जुनी .३०३ कापून ७.६२ केली' असं लोक बिनधास्त लिहितात, ते चूक आहे. या नव्या बांधणीच्या, अधिक चांगल्या पोलादाच्या. २ए१ वर मागची साइट ८०० मीटरपर्यंतच आहे, २ए वर २००० ची पट्टी तशीच राहिली होती. २ए१ विकताना 'नाटो काडतूस सहज मिळतं' हा मुद्दा खरा कामाचा, कारण तिचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा नेमबाज असतं, संग्राहक नाही. त्यातल्याच काही अमेरिकेत आल्यावर आखूड कापून 'कार्बाइन' म्हणून विकल्या गेल्या. त्या खासगी व्यापाऱ्यांनी केलेल्या, लष्करी नव्हेत. तसं स्पष्ट लिहा.

पोलिसांसाठी .३०३ ची नळी गुळगुळीत करून .४१० ची एकेरी मस्केट केली जायची, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. मजेदार वस्तू आहे, कमी किमतीत जाते.

आणि 'जंगल कार्बाइन'. तिचं लष्करी नाव नंबर पाच, ती १९४४ ते ४७ मध्ये इंग्लंडमधल्या फझाकर्ली आणि बीएसए या कारखान्यांत बनली. खरी चांगल्या पैशात जाते, म्हणून नंबर चार ही लांब ली-एन्फिल्ड कापून केलेल्या नकली बाजारात भरपूर. नळीच्या मुळाशी, लाकूड उतरवल्यावर, वजन घटवण्यासाठी कोरलेल्या खाचा आणि बोल्टच्या मुठीच्या गोळ्यातली पोकळी बघा. मूठ पोकळ करणं सोपं आहे, नळीवरच्या खाचा नक्कल करायला कुणी बसत नाही. दुर्बीणवाली नंबर चार टी घरात सापडली असेल तर हा लेख बंद करा आणि एखाद्या मोठ्या लिलावगृहाला फोटो पाठवा. दस्त्याच्या मानेवर तिच्या दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असतो, आणि दोन्ही जुळत असतील तर आपण हजारोंच्या गोष्टी करतोय.

भाव

मित्राने पहिल्याच संध्याकाळी शोधून एक जाहिरात पाठवली: 'इशापूर १९४२, १४०० डॉलर'. मी त्याला विचारलं, ही विकली गेलीय का? नाही. दोन वर्षं तशीच पडून आहे. मागितलेली किंमत म्हणजे कुणाच्या तरी मनातली इच्छा. तुम्हाला हवा तो आकडा पूर्ण झालेल्या लिलावांत असतो, जिथे पैसे दिले गेले. गनब्रोकर या बंदुकांच्या लिलावाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की पूर्ण झालेले लिलाव गाळून बघता येतात. मागणीचा आकडा नको, बोली लागून संपलेला आकडा हवा.

कारखाना तोच, प्रकार तोच, वर्ष पाचेक इकडेतिकडे, अशा आठ-दहा विक्री वहीत लिहा. त्याच्या बंदुकीसाठी मी नऊ शोधल्या. सगळ्यात खालची ३१० डॉलरला गेली होती, तिचं पुढचं लाकूड कापून शिकारी रायफल केलेली. सगळ्यात वरची ९०५ ला, पण सोबत संगीन आणि म्यान. या दोन्ही बाजूला ठेवल्या. उरलेल्या सात ४८० ते ६९० मध्ये. मग आपलीकडे बघितलं: बोल्ट जुळतो, चांगलं. पुढचं लाकूड बदललेलं, वाईट. आयातीची खूण नळीखाली बारीक, ठीक. नळी गडद, पण आतले पिळाचे चर स्पष्ट. मी ५७५ म्हटलं. शेवटी ५६० ला गेली.

नळीचं थोडं सांगतो. जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतल्या क्षारांमुळे साफ न केलेल्या नळ्या आतून गंजतात. बोल्ट काढून मागून उजेडाकडे बघा. आरशासारखी असेल तर 'उत्तम', गडद पण चरांच्या कडा धारदार तर 'चांगली', खड्डे दिसत असतील तर 'खड्डे आहेत'. 'थोडी जुनी दिसते' असलं काही लिहू नका. नेमबाजासाठी नळी म्हणजे निम्मी किंमत. शुद्ध संग्राहक मात्र खराब नळीही खपवून घेतो, बाहेरचं मूळ राहिलेलं असेल तर.

संगीन, म्यान, पट्टा, पाच गोळ्यांच्या क्लिपा हे सगळं रायफलीसोबत द्यावं का? बहुतेक वेळा नाही. १९०७ च्या नमुन्याची सतरा इंची पात्याची संगीन स्वतंत्रपणे चांगली विकली जाते, आणि संगीन गोळा करणारी माणसं वेगळी असतात. रायफलीचा आणि संगिनीचा कारखाना आणि काळ जुळत असेल तरच एकत्र. काडतुसं कधीही सोबत नकोत.

भावनेचे पैसे मिळत नाहीत. इशापूर म्हटलं की आपल्या पोटात काहीतरी हलतं. आपण एनसीसीत याच बंदुकीच्या दस्त्याने खांदा काळानिळा करून घेतलेला असतो, सीएसटीवर २६ नोव्हेंबरला रेल्वे पोलिसांच्या हातात हीच होती हे आपल्याला आठवतं. ओहायोतल्या संग्राहकाला ती एक सामान्य कारखान्याची सामान्य बंदूक असते, आणि इंग्लिश एन्फिल्डची तो तिच्यापेक्षा जास्त किंमत करतो. असंच आहे. कागदपत्रं असतील तर गोष्ट वेगळी: कुणी सैनिकाने परत आणल्याचं अधिकृत पत्र, जुना पावतीचा कागद, फोटो. कागद नसलेली कहाणी जाहिरातीत लिहू नका. जाणकार त्यावर हसतात.

कुणाला विकता येईल

इथे चूक झाली तर पैसे नाही, तुरुंग. म्हणून सावकाश वाचा, आणि तुमच्या राज्याचा नियम स्वतः बघा.

१८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर संघीय कायद्यात ती 'अँटीक', तिला बंदुकीचे नियम लागत नाहीत. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली असेल तर ती 'क्युरिओ अँड रेलिक', म्हणजे संग्राह्य. १९४२ ची इशापूर अर्थातच यात बसते. सत्तरच्या दशकातली २ए१ असेल तर वर्ष मोजा. संग्राह्य बंदुका गोळा करणारे लोक सी अँड आर परवाना काढतात. तीन वर्षांना तीस डॉलर शुल्क, आणि प्रत्येक आवकजावक वहीत लिहायची अट. अशा परवानाधारकाला तुम्ही, स्वतःकडे परवाना नसतानाही, दुसऱ्या राज्यात थेट पाठवू शकता. त्याच्या परवान्याची सहीची प्रत आधी मागवून घ्या.

परवाना नसलेल्या, दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट विकता येत नाही. ती त्याच्या गावच्या परवानाधारक डीलरकडे जाते, तिथे तो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो, पार्श्वभूमी तपासली जाते, मग ती त्याच्या हातात. टेक्सासात एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांमध्ये खासगी विक्री होऊ शकते. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, वॉशिंग्टन अशा राज्यांत खासगी विक्रीही डीलरमार्फतच. न्यू जर्सीत खरेदीदाराकडे बंदूक खरेदीचं खास ओळखपत्रही लागतं. आणि २ए१ चं बारा गोळ्यांचं मॅगझिन, दहाची मर्यादा असलेल्या राज्यात पाठवू नका. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क यात येतात. जाहिरातीतच लिहून टाका.

जिथे सक्ती नाही तिथेही मी डीलरकडूनच हस्तांतर करतो. पंचवीस-चाळीस डॉलर जातात, रात्री झोप लागते.

आता खास आपल्या लोकांसाठी. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत बंदुकीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "अरे, मलाच दे की. पैसे लगेच." विचारा, तुझा व्हिसा कुठला? एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर यांच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, आणि हे माहीत असून त्याला विकणाऱ्यावरही गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद आहे, पण ती वाट वकिलाशी बोलूनच. ग्रीनकार्ड असेल तर हरकत नाही. 'दादा, नाही देता येणार' हे सरळ बोला, मैत्री टिकते. 'नावावर तू ठेव, घरी मी नेतो' ही सूचना आली तर तिथून उठा.

वारशातली एखाददुसरी विकणं वेगळं, आणि नफ्यासाठी घेऊन-विकत राहणं वेगळं. दुसऱ्याला व्यापार म्हणतात आणि त्याला डीलरचा परवाना लागतो.

कुठे

गावातलं दुकान आज पैसे देतं, पण साधारण निम्मे. त्यालाही विकायची आहे, त्यात त्याची चूक नाही. कन्साइनमेंटवर, म्हणजे विकली गेली की मगच पैसे या बोलीवर, ठेवली तर पंधरा-वीस टक्के कापून घेतात, कटकट सगळी त्यांची. ज्यांना फोटो, बोली, पत्रव्यवहार यांचा कंटाळा आहे त्यांना मी हेच सांगतो. ऑनलाइन लिलावात जास्तीत जास्त लोक बघतात, शुल्क साधारण पाच-सहा टक्के, पण पोस्टेज, पॅकिंग आणि प्रश्नांची उत्तरं तुमची. गन शोमध्ये टेबल मांडण्यापेक्षा हातात घेऊन फिरा, कुणीतरी विचारतंच. रॉक आयलंडसारखी मोठी लिलावगृहं सामान्य एन्फिल्डसाठी नाहीत. फेसबुकवर खासगी बंदूकविक्रीला बंदी आहे. तिथे टाकलीत तर खातं जाईल.

जाहिरात

फोटो घराबाहेर सावलीत. उन्हात धातू चमकतो आणि शिक्का दिसत नाही. मागे एकरंगी चादर. पूर्ण डावी बाजू, पूर्ण उजवी बाजू, मग मानेवरचे शिक्के, प्रत्येक नंबर, बोल्ट, टोक, दस्त्याचा तळ, आयातीची खूण, नळीच्या आतला, आणि प्रत्येक ओरखडा, प्रत्येक तडा. तडे लपवू नका. मागच्या टोकाला, जिथे पुढचं लाकूड कड्याला टेकतं, तिथे बारीक चीर बऱ्याचदा असते. मित्राच्या बंदुकीत होती, आम्ही तिचा स्वतंत्र फोटो नाण्याशेजारी ठेवून काढला. ज्याने घेतली त्याने नंतर लिहिलं की तोच फोटो बघून त्याला विश्वास वाटला.

वर्णन पाच-सहा ओळींचं: कारखाना, वर्ष, प्रकार, काय जुळतं, काय बदललंय, नळी कशी, खूण कुठे, हेडस्पेस तपासलंय की नाही. 'दुर्मिळ' हा शब्द वापरू नका. या बंदुका लाखांनी बनल्या. तपासणीसाठी मिळाल्यापासून तीन दिवस, न झाडता परत, असं लिहा. यामुळे बोली वाढते, परत येणाऱ्या थोड्याच. लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचीच नाही असा छुपा आकडा, मी ठेवत नाही, सुरुवात मात्र मला चालेल त्या आकड्यापासून करतो.

पैसे आणि पेटी

पेपॅलवर बंदुकीचे व्यवहार चालत नाहीत. 'सायकलचे पैसे' असं लिहून पाठवायची आयडिया कुणी काढेल, नको म्हणा. पोस्टाची मनी ऑर्डर सगळ्यात सोपी, पण ती पोस्टात वटवून घेतल्यावरच पेटी हलवा. ठरल्यापेक्षा जास्तीचा बँकेचा चेक आला आणि 'वरचे पैसे परत पाठवा' असं म्हटलं तर तो चेक खोटा आहे, बाकी काही बघायची गरज नाही.

पाठवण्याआधी खरेदीदाराच्या डीलरला स्वतः फोन करा. काही डीलर परवाना नसलेल्या माणसाकडून माल घेत नाहीत. मोठ्या खासगी कुरिअर कंपन्याही आता बहुतेक परवानाधारकांकडूनच बंदूक उचलतात. पोस्टाने लांब नळीची बंदूक परवानाधारकाला पाठवता येते. वैताग नको असेल तर आपल्याच गावच्या डीलरला पैसे देऊन त्याच्याकडून रवाना करा.

एसएमएलई साडेचव्वेचाळीस इंच लांब, चार किलोच्या आसपास. मोठी पेटी घ्या. बोल्ट काढून वेगळा गुंडाळा, त्याच पेटीत ठेवा. दोन्ही टोकांना जाड फोम, कारण पेटी उभी आपटली की दस्त्याची मान तुटते. बाहेर बंदूक आहे असं कुठेही लिहायचं नाही. सही घेऊनच डिलिव्हरी, आणि पूर्ण रकमेचा विमा. आत खरेदीदाराचं नाव, लिलावाचा क्रमांक, तुमचा पत्ता आणि फोन असलेला कागद टाका, नाहीतर डीलरला पेटी कुणाची ते कळत नाही. विक्रीची पावती, बंदुकीचा नंबर, तारीख आणि डीलरच्या परवान्याची प्रत तुमच्याकडे कायम ठेवा.

पेटी बंद करायच्या आधी दस्त्याच्या तळाचं पितळी झाकण उघडून आत बोट घाला. मित्राने टेप लावल्यावर मला ते आठवलं, परत फाडायला लावलं. आत पितळेची तेलाची छोटी कुपी होती, आणि गुंडाळलेली दोरी, तिच्या टोकाला अजून तेलकट चिंधी. कुपी त्याने खरेदीदारालाच दिली. दोरी सासऱ्यांनी गुंडाळलेली असेल म्हणून ठेवून घेतली.